स्वस्त यंत्र, महाग शांतता

कोणतीही वस्तू स्वस्त झाली की तिचा वापर वाढतो, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा होय. त्या वस्तूबरोबर लागणाऱ्या पूरक वस्तू स्वस्त झाल्या नाहीत, तर वाढलेल्या वापराचे फळ अपुरे राहते, हा त्याच धड्याचा उत्तरार्ध. तो मात्र सहसा विसरला जातो. स्वतः रचलेले गाणे घरच्या घरी ध्वनिमुद्रित करण्याच्या आजच्या हौसेला हा उत्तरार्ध तंतोतंत लागू पडतो. कोणी तरी आपले गीत, पोवाडा वा अभंग मोबाईलवर मुद्रित करून चार लोकांना पाठविलेला नाही, असे गाव सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत आज क्वचितच असेल. यंत्र खिशात आले आहे. तथापि त्या यंत्राला लागणारी शांत खोली, अखंड वीज, एकत्र बसू शकणारे साथीदार आणि यंत्राच्या खोडी जाणणारा माणूस या पूरक गोष्टी पूर्वीइतक्याच दुर्मिळ आहेत. परिणामी गाणे कसे असावे हे पुष्कळदा गाणारा ठरवीत नाही. हाताशी असलेले तुटपुंजे साधन ते ठरविते. ही केवळ तांत्रिक अडचण नव्हे. कोणाचे गाणे टिकावे आणि कोणाचे विरून जावे, असा हा सार्वजनिक प्रश्न आहे.

साधनांची जुनी हुकमत

साधनाने गाण्याला आकार द्यावा यात नवीन काही नाही. १९४२ नंतरच्या प्रतिसरकारच्या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या मुलखातील शाहीर गावोगावी गात, तेव्हा सांगली हा जिल्हाच नव्हता. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ साली झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० साली मिळाले. त्या शाहिरांच्या हाती ध्वनिक्षेपक क्वचितच असे. पटांगणातील शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचवायचा तो खड्या आवाजाने, डफ-तुणतुण्याच्या ठेक्याने आणि झीलकऱ्यांच्या साथीने. एकच ओळ पुनःपुन्हा उचलावयाची, ती मागच्या रांगेत ऐकू गेली की पुढे जावयाचे, अशी त्या रचनेची रीत होती. पुस्तकी समीक्षक त्या पुनरुक्तीला दोष म्हणेल; पटांगणातील श्रोत्याच्या दृष्टीने ती अत्यावश्यक सोय होती. वाळवे तालुक्यातील वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी मुंबईच्या कामगारांपुढे जी शाहिरी उभी केली, तीही याच मोकळ्या पटांगणाच्या शिस्तीत वाढलेली होती.

ग्रामोफोन आला आणि ही शिस्त पालटली. १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण सुरू होईपर्यंत गायकाला भोंग्यात तोंड घालून गावे लागे. ध्वनीच्या दाबानेच सुई हलावयाची, त्यामुळे जोरकस आवाज उमटे आणि नाजूक आवाज हरवे. तंबोऱ्यासारखे मंद वाद्य त्या भोंग्याच्या दृष्टीने जवळजवळ नव्हतेच. शिवाय दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत. मिरजेस दीर्घकाळ वास्तव्य केलेले खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी भोंग्याच्या काळातही गाणी मुद्रित केली आणि पुढे १९३० नंतर विद्युत यंत्रावरही केली. तासभर फुलणारा राग तीन मिनिटांत मांडावयाचा, तर काय ठेवावे आणि काय गाळावे याचा निर्णय घ्यावाच लागतो. तो निर्णय खाँसाहेबांनी घेतला, पण त्याची सक्ती तबकडीची होती. उलट मायक्रोफोन आल्यावर हळुवार, कानाशी बोलल्यासारखे गाणे शक्य झाले आणि मराठी भावगीताला स्वतःचा आवाज सापडला. म्हणजे यंत्राने एक दार बंद केले, तसे दुसरे उघडलेही.

फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणलेल्या कॅसेटने तिसरा पालट घडविला. १९८० नंतर आपल्याकडे कॅसेट स्वस्त झाली. मोठ्या कंपनीच्या शहरी स्टुडिओत ज्यांना प्रवेश नव्हता, त्यांची भक्तिगीते, लोकगीते आणि भीमगीते बाजारात आली. एका बाजूस अर्धा तास मिळाल्याने पोवाड्याला पुन्हा पाय पसरता आले. घरोघरच्या टेपरेकॉर्डरवर आजीच्या ओव्या आणि मुलांची गाणीही उतरली. मात्र कोरी कॅसेट विकत घेणे परवडत नसे, म्हणून कालच्या गाण्यावर आजचे गाणे घेतले जाई. ज्या घरात पैसा कमी, त्या घरातील आवाज अधिक पुसला गेला. साधनांची टंचाई कशी काम करते याचे हे साधे उदाहरण होय.

यंत्राला तंबोरा कळत नाही

आता मोबाईलकडे वळू. मोबाईलचा मायक्रोफोन मुळात बोलण्यासाठी घडविलेला आहे. बोलणाऱ्याचा आवाज स्पष्ट यावा म्हणून त्यात दोन योजना केलेल्या असतात. पहिली योजना हळू आवाज आपोआप चढविते आणि मोठा आवाज आपोआप उतरविते. संभाषणाला हे उपकारक आहे; गाण्यात मात्र आवाजाची चढउतार हाच अर्थ असतो. शाहिराने हलक्या आवाजात प्रसंग रंगवावा आणि मग एकदम कडाडावे, तर ऐकणाऱ्याला दोन्ही जवळपास सारख्याच पट्टीत ऐकू येतात. हलगीचा पहिला ठोका पडताच यंत्र दचकून सर्वच आवाज खाली खेचते आणि गाणाऱ्याचा पुढचा शब्द त्यात बुडतो.

दुसरी योजना गोंगाट दाबण्याची. पंखा, पाण्याची मोटार, रस्त्यावरची वाहतूक यांचा आवाज एकसारखा चालतो, बोलण्याचा आवाज सतत बदलतो. तेव्हा जो न बदलता चालू राहतो तो गोंगाट, असे गणित यंत्राला शिकविलेले असते. या गणिताच्या तावडीत तंबोरा अलगद सापडतो. अखंड, एकसारखा, गायकाच्या मागे चालणारा स्वर हेच तर तंबोऱ्याचे कार्य. ज्या आधारावर गाणे उभे राहावयाचे, तोच आधार अडगळ समजून बाजूस सारला जातो. सर्व फोन आणि सर्व ॲप एकाच प्रमाणात असे करीत नाहीत, काहींमध्ये ही योजना बंदही करता येते. पण ती बंद करावयाची असते हे सांगणारे कोणी जवळ नसते. उरलासुरला तंबोरा ऐकणाऱ्याच्या फोनच्या चिमुकल्या स्पीकरमध्ये नाहीसा होतो, कारण खर्जाचा स्वर त्याला पेलवत नाही.

यातील विसंगती सांगली जिल्ह्याला विशेष जाणवावी अशी आहे. मिरजेतील शिकलगार घराण्यांनी शस्त्रांना धार लावण्याचे काम सोडून एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोरे घडविण्यास प्रारंभ केला. वाळलेला भोपळा निवडणे, त्यावर लाकडी तबकडी बसविणे, घोडी घासून जवारी काढणे हे कसब पिढ्यान् पिढ्या या एका गावात सांभाळले गेले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हातांनी घडविलेल्या देशी वाद्यांना २०१७ साली वस्तू व सेवा करातूनही सूट देण्यात आली. म्हणजे वाद्य जपण्याचे थोडेफार धोरण आहे. त्या वाद्याचा आवाज त्याच तालुक्यातील एखाद्या विद्यार्थ्याच्या गाण्यात नीट उमटावा, यासाठी मात्र कसलेच धोरण नाही.

एकट्याचे गाणे

साधनांच्या अपुरेपणाचा याहून खोल परिणाम गाण्याच्या रचनेवर होतो. मायक्रोफोन एक आणि खोली लहान, त्यामुळे साथीदारांना एकत्र बसविणे गैरसोयीचे ठरते. मग गाणारा एकटाच गाण्याचे थर एकावर एक रचू लागतो. प्रथम तयार ठेका, त्यावर कीबोर्ड, त्यावर स्वतःचा आवाज आणि झीलकरी नाहीत म्हणून पुन्हा स्वतःचाच आवाज. असे थर जुळावयाचे तर लय घड्याळासारखी एकसारखी ठेवावी लागते. पोवाड्यात प्रसंगानुसार लय वाढते, धनगरी ओवीत ती सैल होऊन पुन्हा बांधली जाते. या गोष्टी एकसारख्या ठेक्यावर बसत नाहीत, म्हणून त्या सोडल्या जातात. तयार ठेक्यांच्या पेटाऱ्यात केहरवा आणि दादरा विपुल मिळतात. माणदेशातील गजीच्या ढोलाची चाल वा हलगीची गत तेथे सहसा मिळत नाही, म्हणून गाणे केहरव्यात बसविले जाते. सूर सुधारणारे ॲप आवाजाला पेटीच्या बारा पट्ट्यांवर ओढून बसविते आणि दोन पट्ट्यांमधली मींड चुकीच्या सुरासारखी पुसून टाकते.

यातच बिनतारी कर्णयंत्राची भर पडते. त्यातून येणारा आवाज मूळ आवाजापेक्षा बहुधा एक ते दोन दशांश सेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. म्हणजे हा उशीर मात्रेच्या पंचमांशापासून दोन पंचमांशांपर्यंत जातो. गाणाऱ्याला आपण ठेक्यामागे पडतो आहोत असे वाटत राहते आणि आपला ताल कच्चा आहे अशी त्याची समजूत होते. दोष यंत्राचा, पण आत्मविश्वास मात्र माणसाचा खचतो.

शांततेची वाटणी

सर्वांत दुर्मिळ वस्तू आहे ती शांतता. २०२० च्या टाळेबंदीत ज्या शिक्षकांनी घरी बसून पाठ मुद्रित केले, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. कुकरची शिट्टी, शेजारचा दूरदर्शन संच, पावसात वाजणारा पत्रा आणि उसाच्या हंगामात रात्रंदिवस जाणारे ट्रॅक्टर यांच्यामधून एक स्वच्छ वाक्य काढणे त्या वेळी अवघड झाले होते. सिमेंटच्या मोकळ्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून अनेक जण भिंतींवर गोधड्या टांगतात. हा उपाय खरोखरच उपयोगी आहे. पण टांगावयास गोधड्या असल्या तरी स्वतंत्र खोली असावी लागते. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ३७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. अशा घरात दिवसा शांतता नसते आणि रात्री गाता येत नाही, कारण इतर माणसे झोपलेली असतात. घरातील मुलगा निदान फोन घेऊन मळ्यात वा डोंगरावर जाऊ शकतो. त्याच घरातील सुनेला वा मुलीला ही मोकळीक क्वचितच असते. यंत्र दोघांजवळ सारखेच असले तरी शांतता दोघांना सारखी मिळत नाही.

या विषमतेची किंमत मोठी आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून स्त्रियांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. शब्द कागदावर उतरले. आवाज मात्र त्यांतील काही भागाचाच टेपवर येऊ शकला. ओवी हे प्रत्येक बाईचे स्वतःचे, तिच्या सुखदुःखाचे मूळ गाणे असते. शब्द राहिले आणि गळा गेला, तर अर्धी ओवी गेली असेच म्हणावे लागेल. आज यंत्राची अडचण दूर झाली असतानाही तेच पुन्हा घडणार असेल, तर दोष तंत्रज्ञानाला देता येणार नाही.

उपवास आणि उपासमार

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. टंचाईतूनच कला जन्मते, साधने कमी असली की कल्पकता वाढते, असे म्हटले जाते. त्याचा पुरावाही दिला जातो. जपानी टीॲक कंपनीने १९७९ साली साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घेणारे घरगुती यंत्र बाजारात आणले. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन याने १९८२ च्या जानेवारीत न्यू जर्सीतील आपल्या घरी तसल्याच यंत्रावर एकट्याने गाणी मुद्रित केली. पुढे वाद्यवृंदासह ती गाणी स्टुडिओत करून पाहिली, पण घरच्या कॅसेटमधील एकाकी भाव काही केल्या येईना. अखेर ती कॅसेटच ‘नेब्रास्का’ या नावाने प्रसिद्ध झाली. उदाहरण खरे आहे आणि त्यातील बोधही खरा आहे. साधने वाढली की गाणे आपोआप चांगले होते, हा भ्रम त्याने दूर व्हावा.

तथापि या उदाहरणातील एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. त्या गायकापुढे स्टुडिओ उपलब्ध होता, त्याने तो वापरून पाहिला आणि मग नाकारला. उपवास करणारा आणि उपासमार सोसणारा, दोघेही उपाशीच असतात. पण पहिल्यापुढे पर्याय असतो, दुसऱ्यापुढे नसतो, हा भेद अमर्त्य सेन यांनी आपल्या विवेचनात स्पष्ट केला आहे. जतच्या एखाद्या मुलाने तंबोरा नको म्हणून वगळला तर ती त्याची कलादृष्टी. तंबोरा उमटतच नाही म्हणून तो वगळावा लागला तर ती उपासमार. वरकरणी दोन्ही गाणी सारखीच ऐकू येतील. टंचाईचे गोडवे गाणाऱ्यांनी हा भेद ओळखावयास हवा, विशेषतः ते गोडवे भरल्या पोटी गायिले जात असतील तर.

करण्याजोगे

मग करावयाचे काय? काही गोष्टी प्रत्येक हौशी माणसाच्या हातात आहेत. थरांचा मोह सोडून सर्वांनी एकाच मायक्रोफोनभोवती बसावे, ही जुनी रीत अजूनही उत्तम आहे. गायक जवळ, पेटी त्याच्या मागे, ढोलकी त्याहून लांब आणि हलगी तर अंगणात, अशी मांडणी केली की अंतरच समतोल साधते. मोकळ्यावर अंतर दुप्पट केले की ध्वनीचा दाब निम्मा होतो, हे शाळेतले पदार्थविज्ञान येथे फुकट उपयोगी पडते. गोंगाट दाबणारी योजना बंद ठेवावी, बिनतारीऐवजी तारेचे कर्णयंत्र वापरावे, मूळ मुद्रण न आकसता जपून ठेवावे. एवढ्याने झीलकरी परत येतात, लयीला श्वास घेता येतो आणि गाणे पुन्हा चार माणसांचे होते.

खोली आणि शांतता मात्र एकट्याने निर्माण होणारी नाही. जी वस्तू प्रत्येकाला विकत घेणे परवडत नाही आणि रोज लागतही नाही, ती सामायिक असावी, हाच ग्रंथालयांमागील विचार होता. महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा करून वाचनालयांना अनुदान दिले, ते प्रत्येकाने प्रत्येक पुस्तक विकत घ्यावे म्हणून नव्हे. त्याच न्यायाने तालुक्याच्या गावी एका वाचनालयात वा महाविद्यालयात आवाज न घुमणारी एक खोली, दोन चांगले मायक्रोफोन, वीज गेल्यावर चालणारी बॅटरी आणि एक जाणकार माणूस एवढे असावे. ही मागणी अवास्तव नाही. म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीने आणि जत तालुक्यातील जालिहाळच्या येरळावाणीने माफक साधनांत स्थानिक माणसांचा आवाज प्रसारित करता येतो हे दाखवून दिले आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाशी दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये जोडलेली आहेत. युवक महोत्सवासाठी तेथे दरवर्षी गाणी बसतात आणि महोत्सव संपला की विरून जातात. सांगली आणि सातारा येथील आकाशवाणी केंद्रांनीही आपल्या कक्षांचे मोकळे तास ठराविक दिवशी या कामासाठी देता येतील का, याचा विचार करावा.

सार्वजनिक खोली म्हटली की तिला कुलूप लागते आणि किल्ली दोघाचौघांकडे राहते, ही शंका अनुभवातून आलेली आहे. ती झटकून टाकता येणार नाही. म्हणूनच खोलीबरोबर नियमही हवेत. वेळेची नोंदवही सर्वांना पाहता यावी, शुल्क नाममात्र असावे, दुपारचे काही तास स्त्रियांसाठी राखून ठेवावेत आणि यंत्र चालविण्याचे काम विद्यार्थ्यांना मानधनावर द्यावे. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या ‘कमवा आणि शिका’ या योजनेची ही साताऱ्याची भूमी आहे. विद्यार्थ्याने बागेत वा कार्यालयात काम करून शिकावे, तसेच त्याने गावातील म्हातारीची ओवी नीट मुद्रित करून, तिची नोंद करून शिकावे. यात त्या योजनेचा मूळ हेतूच पुढे जाईल.

या खोल्यांतून एखादा थोर गायक निघेलच, असे आश्वासन कोणी देऊ नये आणि मागूही नये. शाळा काढताना प्रत्येक मूल विद्वान होईल अशी अट कोणी घातली नव्हती. अपेक्षा एवढीच, की माण, खटाव, जत, आटपाडीच्या माणसाने आपले गाणे रचले तर त्यात तंबोरा ठेवावा की वगळावा, लय वाढवावी की बांधून ठेवावी, एकट्याने गावे की चौघांनी, हे त्याचे त्याला ठरविता यावे. यंत्राने दिलेली संधी सार्थ व्हावयाची असेल, तर जी गोष्ट बाजारात स्वस्त होत नाही ती समाजाने मिळून उपलब्ध करून द्यावी लागेल. या बाबतीत ती गोष्ट म्हणजे एक शांत खोली होय.